त्रेचाळिसावं पान

“बाळाबाईंसारखं जमेल ना मला?” स्वप्नालीनं विचारलं आणि पाळक शांतवन भोरेच्या तोंडून “जमेल” असा शब्द निघून गेला. निघून गेल्यावर तो त्याला स्वतःला ऐकू आला. कापडाचा रंग जाणार नाही म्हणून दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो, तितक्या सहज. पाळक म्हणून सव्वीस वर्षं काढल्यावर माणसाच्या जिभेवर असे शब्द तयारच असतात. जमेल, निभेल, प्रभू बळ देईल. एरवी अशा शब्दांनी काही बिघडत नाही. पण आज शांतवनला तो शब्द परत घ्यावासा वाटला. कसबा बावड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरची ती खोली माणसांनी भरली होती. मधे चटईवर मोना होती. सात वर्षांची, पहाटे साडेपाचला गेलेली. औषधांनी केस गेलेल्या डोक्यावर कुणीतरी विणलेली पिवळी टोपी चढवली होती. रक्ताचा कॅन्सर, आठ महिने. आणि तिच्या उशाशी तिची आई, स्वप्नाली, पाठ ताठ करून बसली होती, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी. डोळे कोरडे ठणठणीत. मांडीवर एक पुस्तक, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कडा हाताळून काळ्या पडलेल्या. कव्हर असलं तरी ते कुठलं पुस्तक हे शांतवनला सांगायला नको होतं. ‘कोरड्या डोळ्यांची प्रार्थना’, लेखक रेव्ह. शांतवन भोरे. त्यानंच मार्चमध्ये, मोनाचा रिपोर्ट आला त्या दिवशी, सही करून तिला दिलं होतं.

मोनाच्या बापानं, विश्वजितनं, त्याला स्वयंपाकघराच्या गॅलरीत ओढून नेलं. विश्वजित कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर. अंगानं दांडगा, आता रडून रडून तोंड सुजलेलं. “पाळकसाहेब, ती रडंना हो. सकाळधरनं एक टिप्पूस न्हाय. माझी आई रडाय लागली तर तिला म्हणली, रडायचं असंल तर भाईर जावा. मलाबी तसंच म्हणली. मला भ्या वाटाय लागलंय.” मग नाक पुसून म्हणाला, “बाळाबाईंना आणा म्हणतीया. दफनाच्या टायमाला माझ्या शेजारी उभ्या ऱ्हाऊ देत, म्हणतीया. चार वाजता हाय. तुम्ही आणशीला?” शांतवननं मान हलवली. खोलीतून जाताना त्याला स्वप्नालीकडे बघायचं नव्हतं, तरी नजर गेलीच. तिचे ओठ हलत होते. प्रार्थना करत असेल असं त्याला आधी वाटलं. मग कळलं की ती पाठ करत होती. त्याला ती ओळ ओठांवरूनच वाचता आली, कारण ती त्यानंच लिहिली होती. देवा, ही तुझी होती, तुला दिली. माझं काही म्हणणं नाही.

जिन्यात त्यानं स्वतःला बजावलं की यात घाबरण्यासारखं काही नाही. पुस्तकं याचसाठी असतात. माणूस बुडताना काहीतरी धरतो, तिनं हे धरलं. त्रेचाळिसावं पान अनेकांनी धरलं होतं. सोलापूर, नगर, मिरज, कुठून कुठून पत्रं आली होती. पाळकांच्या शिबिरात ते पान मोठ्यानं वाचलं जायचं आणि वाचणाऱ्याचा आवाज ठरलेल्या जागी घोगरा व्हायचा. शांतवनला ते पान तोंडपाठ होतं. ‘जानेवारीचं कोवळं ऊन होतं. उचगावच्या बाळाबाई आपल्या एकुलत्या एका लेकराच्या कबरेशी उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी मूठभर माती त्यांच्या हातात दिली, तेव्हा कुणीही न सांगता, स्पष्ट आवाजात त्या म्हणाल्या, देवा, हा तुझा होता, तुला दिला. माझं काही म्हणणं नाही. त्या दिवशी पाळक मी होतो, पण उपदेश त्यांनी केला.’ स्कूटर चालू करता करता त्यानं ते मनात म्हणून बघितलं, आणि ‘कुणीही न सांगता’ या शब्दांपाशी तो अडखळला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या कच्च्या लिखाणात हे तीन शब्द होते का? वहीची रेघ त्याला आठवली, शाईचा रंग आठवला, शब्द काही आठवले नाहीत.

आठवला तो प्रकाशक, पुण्याचा सज्जन म्हातारा, ज्यानं हस्तलिखित परत करताना म्हटलं होतं, भोरे, लिहिलंय चांगलं, पण यात आपलं माणूस कुठंय? सगळे दाखले परदेशातले. कुणी खाणमजुराची विधवा, कुणी जहाजावरचा कप्तान. आपल्यातलं एक तरी घाला की. ते बरोबरच होतं. चर्चच्या ऑफिसातलं शांतवनचं कपाट दुःखावरच्या पुस्तकांनी भरलेलं होतं. मिशनरी जाताना ठेवून गेलेली, मराठीत आणलेली, वर्गणीतून मागवलेली. त्या प्रत्येकात एक माणूस होतं, ज्यानं सोसावं तसं सोसलं होतं, आणि ते नेहमी लांबच्या गावचं असायचं. विचारायला जाता येणार नाही इतक्या लांबचं. शांतवनला जवळचं माणूस पाहिजे होतं. आणि इम्याला जाऊन तेव्हा दहाच महिने झाले होते. इमानुएल, बाळाबाईंचा मुलगा, सगळे इम्या म्हणत. एमआयडीसीतून दुसरी पाळी करून येताना त्याची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली होती. शांतवन एका दुपारी टेबलाशी बसला आणि ते पान एका बैठकीत उतरलं. इतकं सरळ उतरलं की त्याला वाटलं, हे मी लिहीत नाही, मला सांगितलं जातंय. त्या गोष्टीचा त्याला फार दिवस आनंद होता. खरं तर अभिमानच होता. पाळकाला तो शब्द वापरता येत नाही म्हणून आनंद.

रस्त्याला गर्दी होती. नोव्हेंबरचं ऊन डोळ्यांवर येत होतं. आज त्याला बाळाबाईंचा आवाज ऐकायचा होता, तेवढंच. कबरस्तानातला तो दिवस डोळ्यांपुढं आणायचा आणि त्या बाईच्या तोंडून ते वाक्य एकदा ऐकायचं, म्हणजे ‘जमेल’ हा शब्द खरा ठरेल. ऊन आलं. लाल मातीचा ढीग आला. बाळाबाईंची हिरवी साडी आली, ती बदलायलाही कुणाला सुचलं नव्हतं. मग त्यांचे ओठ हलले आणि आवाजाच्या जागी छापील अक्षरं आली, सोळा पॉइंटात, तिरप्या ठशात. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तो त्या दिवसाकडे जाऊच शकत नव्हता. मधे पुस्तक पडलेलं होतं. आणि याच वेळी, काही कारण नसताना, त्याला आणखी एक गोष्ट समजली, जी त्याला इतके दिवस समजून घ्यायची नव्हती. पुस्तक दिलं की निघता यायचं. मार्चमध्ये स्वप्नाली रिपोर्ट पुढं करून म्हणाली होती, पाळकसाहेब, माझ्याच पोरीला का? आणि त्यानं पिशवीतून पुस्तक काढलं होतं. हे वाच, विशेषतः हे पान. मग घड्याळ बघून प्रार्थना केली आणि अकरा मिनिटांत जिना उतरला. पुस्तक नसतं तर त्याला तिथं बसावं लागलं असतं.

उचगावात बाळाबाई दारात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. सत्तरीला टेकलेल्या, अंगानं काटकुळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं. “सलाम, पाळकसाब. मोना गेली म्हणं. फोन आलता. या, बसा की. च्या टाकतो.”

“चहा नको, बाळाबाई. तुम्हाला न्यायला आलोय. स्वप्नालीनं बोलावलंय. चार वाजता विधी आहे. तिच्या शेजारी उभं राहायचं, एवढंच.”

“कशापायी?”

“तुमच्याकडं बघून तिला धीर येईल.”

बाळाबाईंनी एक शेंग उचलली, फोडली नाही, परत ठेवली. “ती रडंना म्हणं.”

“नाही.”

“मग मी कशाला यिऊ? आनखी कोरडी करायला? मी न्हाय येत.”

इतक्या वर्षांत त्यांनी शांतवनला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. स्त्रीसभेत साक्ष द्या म्हटलं की उभ्या राहायच्या, दोन वाक्यं बोलायच्या, बसायच्या. त्याला राग आला, आणि तो राग त्यानं मऊ केला, पाळकाला येतो तसा. “अहो, तुमच्या साक्षीवर त्या पोरीनं आठ महिने काढलेत.”

“माझी कुठली साक्ष, पाळकसाब?” बाळाबाई त्याच्याकडे नीट बघत म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “तुम्ही म्हटलासा, म्हणा बाई माझ्या मागनं, म्हणून मी म्हटलं. तुम्ही चार शब्द म्हणायचा, मी चार म्हणायचं. शाळंत पाढं म्हणत्यात तसं. ‘तुझा होता’ म्हटलासा, मी ‘तुझा होता’ म्हटलं. त्यातलं माझं काय हाय?”

बाहेरून पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत गेला. शांतवन उभाच होता. त्याला वाटलं की आपण म्हणणार, नाही हो, तुम्ही विसरलात. आणि तो म्हणाला ते वेगळंच. “मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?”

“काय बोलू? सभेत वाचून दाखवलं तवा मी म्हटलं, पाळकांनी लिवलंय, छापून आलंय, तसंच आसंल. मला तर त्या दिसाचं धड काय आठवत न्हाय. मग बाया मला खुर्ची द्याय लागल्या. म्होरं बसवाय लागल्या. ग्वाड वाटलं की, खोटं कशाला सांगू? ल्योक गेल्या म्हातारीला कोण इचारतंय?” त्या थांबल्या. पदराच्या टोकाशी त्यांची बोटं चाळा करत होती. “खरं एक झालं. रडायची पंचाईत झाली बगा. चर्चमदी इम्याच्या आवडीचं गीत लागलं की आतनं उचंबळून यायचं. मग पदराचा बोळा तोंडात घालायचा आन् मागल्या दारानं भाईर. बाळाबाई रडली म्हंजी पाळकांचं पुस्तक खोटं. आकरा वर्सं मी चोरून रडतोय, पाळकसाब. सोताच्या लेकरासाठी.”

बाळाबाई उठल्या, सूप आत नेऊन ठेवलं, दाराची कडी शोधत म्हणाल्या, “त्या दिसाचं मला एकच आठवतंय. सुई. दंडात सुई टोचली आन् जीभ जड झाली. मला त्येचं त्वांड शेवटचं नीट बघायचं हुतं. खरं डोळंच उघडंनात.”

“सुई? कुणी दिली?”

बाळाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ. कुलूप लावलं. “चला. येतो मी. पोरीनं बलावलंय तर यायला पायजे. खरं त्ये वाक्य मी तिच्याफुडं म्हणायची न्हाय. आन् घरात न्हाय जायाची, थेट कबरस्तानात.” मग स्कूटरवर मागं आडव्या बसल्या आणि तोल जाऊ नये म्हणून एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

तावडे हॉटेलच्या चौकाच्या अलीकडे एक ट्रॉली पुढं आली. उसानं शिगोशीग भरलेली, मागचे शेंडे रस्त्यावर लोंबत होते. शांतवननं वेग कमी केला. खांद्यावरची बोटं आवळली गेली आणि तशीच राहिली. त्याला आरशात बाळाबाईंचा चष्मा दिसत होता, डोळे नाही. ओलांडून जायला जागा नव्हती. त्या ट्रॉलीच्या मागं, बैलगाडीच्या चालीनं, ती दोघं किती वेळ जात राहिली कोण जाणे. आणि त्या वेळात ती सुई आली. मागवली नव्हती, तरी आली. सरकारी दवाखान्याचा बोळ, फिनेलचा वास. बाळाबाई लोखंडी खाटेच्या दांड्यावर कपाळ आपटत होत्या. ‘माझा इम्या दावा, माझा इम्या दावा’ असा त्यांचा आवाज, बसलेला, फाटलेला. तर हा तो आवाज. सकाळपासून शोधत होता तो. छापील नव्हता, स्पष्ट तर मुळीच नव्हता. दोन बाया त्यांना धरायला बघत होत्या आणि त्यांना ते जमत नव्हतं. शांतवन हातात उपासनेचं पुस्तक घेऊन उभा होता आणि त्याला भीती वाटत होती. दुःखाची नव्हे. या बाईनं आपल्याला काही विचारलं तर काय सांगायचं याची. संध्याकाळी सहाला त्याच्याकडे एका लग्नाची बोलणी होती. एक तरुण डॉक्टर जवळून गेला तेव्हा शांतवननं त्याच्या बाहीला धरलं. ‘डॉक्टर, बाईंना शांत करायला काहीतरी द्या. मला विधी उरकायचाय.’ उरकायचाय. हा शब्द त्यानं वापरला होता. मग सुई, मग कबरस्तान, मग ते कोरडे डोळे, ज्यांच्यावर त्यानं पुस्तकाचं नाव ठेवलं.

ट्रॉली उजवीकडे वळली. खांद्यावरची बोटं सैल झाली. बाळाबाईंना ठाऊक होतं, हे त्याला आता समजलं. बाहीला धरताना त्यांनी बघितलं होतं की कुणी नंतर सांगितलं, काय फरक पडतो? इतकी वर्षं त्या पहिल्या बाकावरून त्याचा उपदेश ऐकत होत्या, त्याला सलाम करत होत्या, नाताळला करंज्या पाठवत होत्या. त्याला स्कूटर थांबवून त्यांचे पाय धरावेसे वाटले. त्यानं थांबवली नाही.

चर्चच्या ऑफिसात तो दोन तास बसला. बाळाबाई बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या. पाणी दिलं ते प्यायल्या, जेवण नको म्हणाल्या. समोर कपाट होतं. काचेआड सगळी पुस्तकं ओळीनं उभी होती आणि त्यांत त्याच्या स्वतःच्या पुस्तकाच्या सहा आवृत्त्या, निळी, हिरवी, पुन्हा निळी. त्यातली किती माणसं खरी असतील? त्या खाणमजुराच्या विधवेला कुणी काय म्हणायला लावलं असेल? मग डोकं हिशेबी होऊन कामाला लागलं, तसं ते नेहमीच लागायचं. आज सांगायचं नाही, असं ते म्हणालं. आज त्या पोरीच्या पायाखाली एकच फळी आहे. ती कुजकी असली तरी आजचा दिवस काढू दे. पुढच्या आठवड्यात घरी जाऊ, शांतपणे बसू, समजावून सांगू. पुढची आवृत्ती निघताना ते तीन शब्द काढून टाकू, ‘कुणीही न सांगता’. कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि खोटं तरी कसं म्हणायचं? बाईंनी म्हटलं तर होतंच. शब्द तेच होते. यातलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं, प्रत्येकाला शास्त्रात कुठं ना कुठं आधार सापडला असता, आणि प्रत्येकाच्या तळाशी एक माणूस होता ज्याला जिना उतरून जायचं होतं. शांतवननं प्रार्थना करायला डोळे मिटले. डोळ्यांपुढं स्वप्नालीचे हलणारे ओठ आले. घड्याळात पावणेचार झाले होते. त्यानं काहीच ठरवलं नव्हतं आणि तसाच तो उठला.

कबरस्तानात मंडळी जमली होती. चर्चचा कारभार बघणारे वडील लोक पुढं, शाळेतल्या मोनाच्या बाई एका बाजूला, मागं विश्वजितच्या कारखान्यातली माणसं, टोप्या हातात घेऊन. पेटी इतकी लहान होती की दोघांनीच उचलून आणली. स्वप्नाली पांढऱ्या साडीत, पेटीच्या मागं, कुणाचाही हात न धरता चालत होती. बाळाबाई दिसल्या तशी ती थेट त्यांच्याकडे गेली आणि शेजारी उभी राहिली. बाळाबाईंनी तिचा हात हातात घेतला. मग तो उघडून बघितला. तळहातावर नखांच्या चार खुणा होत्या, त्यातल्या दोहोंतून रक्त आलेलं. बाळाबाईंनी वर, शांतवनकडे बघितलं. त्यानं उपासनेचं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागला. त्याचा आवाज नेहमीसारखाच लागला, भरदार, सवयीचा, आणि त्या आवाजाची त्याला शिसारी आली. पेटी खाली उतरवताना दोर एकीकडे अडकला, पेटी जराशी कलली, तसा विश्वजितच्या तोंडून हुंदका फुटला. “मोने...” स्वप्नालीनं मान वळवली. “श्श,” ती नवऱ्याला म्हणाली, वर्गात पोरांना म्हणावं तसं. “नाही रडायचं. ठरलंय ना आपलं?” एवढा मोठा गडी, त्यानं तोंडावर हात दाबून धरला आणि त्याचे खांदे गदगदत राहिले.

मूठमातीची वेळ आली. वाकून माती घ्यायची आणि आईच्या हातात द्यायची, हे काम शांतवनचं. त्यानं घेतली. ती कोरडी होती, बोटांतून गळत होती. स्वप्नालीनं हात पुढं केला, तोच, खुणांचा. त्यानं तिच्या तळहातावर माती ठेवली. तिनं श्वास घेतला, मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्पष्ट आवाजात सुरुवात केली, “देवा, ही तुझी होती...”

“थांब,” शांतवन म्हणाला.

ती थांबली. मागं कुणीतरी खाकरलं. “काही चुकलं का?” तिनं विचारलं. ती खरंच घाबरली होती, शब्द चुकला म्हणून.

“स्वप्नाली, ते म्हणू नको. ते बाळाबाईंनी म्हटलं नव्हतं. मी त्यांना म्हणायला लावलं होतं, माझ्या मागून, एकेक शब्द.” त्याचा आवाज आता भरदार नव्हता. “त्या रडत नव्हत्या, कारण त्यांना गुंगीचं इंजेक्शन दिलेलं होतं. ते मीच द्यायला सांगितलं होतं. मला त्यांचं रडणं ऐकवत नव्हतं. पुस्तकात मी खोटं लिहिलंय.”

वडील मंडळींत चुळबूळ झाली. कुणीतरी “पाळकसाहेब” असं दबल्या आवाजात, बजावल्यासारखं म्हटलं. स्वप्नालीनं बाळाबाईंकडे बघितलं. “खरं?”

“व्हय गं बाळे,” बाळाबाई म्हणाल्या. “मी लई रडलो. अजून रडतोय.”

स्वप्नाली पुन्हा शांतवनकडे वळली. मूठ तशीच मिटलेली. त्याला वाटलं की ती आपल्या तोंडावर ती माती फेकेल. फेकली असती तर बरं झालं असतं. “ते पुस्तक लिहिलंत, तेव्हा तुमचं कोण गेलं होतं?” तिनं विचारलं.

“कुणी नाही.”

“कुणी नाही,” ती म्हणाली. मग हळू, स्वतःशीच हिशेब लागत असल्यासारखं बोलायला लागली. “मोनानं मला विचारलं होतं. दिवाळीच्या आधी. म्हणाली, मम्मी, पप्पा बाथरूममध्ये जाऊन रडतात, तू का रडत नाहीस? तुला मी आवडत नाही का? मी हसले. मी तिला म्हटलं, बाळाबाई नाही रडल्या, आपण पण नाही रडायचं. ती भिंतीकडं तोंड करून झोपली. त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही. पाळकसाहेब, त्यानंतर तिनं मला कधीच काही विचारलं नाही!”

शेवटचे शब्द ओरडण्यातच गेले. ती मातीच्या कडेला खाली बसली, बाळाबाई तिच्याबरोबर खाली बसल्या, आणि जो आवाज तिच्यातून निघाला तो त्या कबरस्तानात उभ्या असलेल्या कुणीही तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. “मोने, मी रडते गं, बघ ना, मी रडते.” बाळाबाईंनी तिचं डोकं आपल्या छातीशी दाबून धरलं आणि त्यांनीही गळा काढला, मोठ्यानं, चारचौघांत, इम्याचं नाव घेऊन.

चर्चच्या मंडळीत एक रीत आहे. दफनाच्या वेळी कुणाचं रडणं फार वाढलं की पाळक हात वर करतो आणि पुढचे वडील गीत धरतात. चार कडवी होईतो रडणारं माणूस दमतं, विधी पुढं सरकतो, आणि कुणाला काही ऐकावं लागत नाही. सगळे शांतवनकडे बघत होते. त्याचा हात कसा वर गेला हे त्यालाही कळलं नाही. पुढच्या एका वडिलांनी घसा साफ करून पहिली ओळ धरली, दोघातिघांनी सूर मिळवला.

“गाऊ नका,” शांतवन म्हणाला. ते थांबले नाहीत, त्यांना वाटलं तो मोठ्यानं गा म्हणतोय. “गाऊ नका!” तो ओरडला, आणि हातातलं पुस्तक मिटून तिथंच, मातीच्या ढिगाशी, त्या दोन बायांच्या शेजारी खाली बसला.

गीत बंद पडलं. मग तो आवाज सगळ्यांना ऐकावा लागला.